चहाआधीचा धागा

शहापूर, ता. ४ डिसेंबर १९३७

आले एकदाची सासरी! सासरी म्हणजे मामाच्याच घरी, त्यामुळे रडायचं कुणासाठी हाच प्रश्न होता. संकेश्वरहून निघताना आप्पा मात्र ओक्साबोक्शी रडले. मी चार वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. आता त्यांना भाकरी कोण करून घालणार या विचारानं मलाही जरा भरून आलं. पण मोटार सुटली आणि मी आपली उसाचे मळे बघत बसले. अठ्ठावीस वर्षांची नवरी ती काय रडणार!

मामाच्या पोराला मुलगी देणं ही आमच्याकडची रीतच. लहानपणी हा संकेश्वरला यायचा तेव्हा ‘केद्या’ म्हणून चिंचेचे आकडे फेकून मारले, त्यालाच आता ‘हे’ म्हणायचं. जीभच वळत नाही! माणसं मोजकीच आहेत. मामी म्हणजे बायाक्का, आता माझ्या सासूबाई. धाकटे दीर भरमूभावजी आणि त्यांची बायको मालू, लोंढ्याकडची. सोप्यात दोन माग, दिवसभर खटाक् खट चालू. सहा वर्षं शाळेत पोरींचा गलका ऐकलेल्या बाईला त्याचं काय एवढं? शाळा सुटली याचं मात्र वाईट वाटतं. मोठ्या बाईंनीच राजीनामा द्यायला सुचवलं. तुला विश्रांती हवी म्हणाल्या. चौथीच्या हजेरीपटातली एकेचाळीस नावं अजून क्रमानं पाठ आहेत. यांना म्हणून दाखवली, तर हसून म्हणाले, खुळीच हैस.

मामा मागच्या खोलीत असतात. त्यांना लकवा झालाय म्हणे.

ता. १२ डिसेंबर

मामींची एक गंमत लिहायलाच हवी. सकाळी चहाचं आधण ठेवलं की त्या खुंटीवरची सुताची लड काढतात आणि तिघांच्या हातात एकेक तुटका धागा देतात. यांच्या, भरमूभावजींच्या आणि माझ्या. दोन टोकं चिमटीत धरून विणकराची बारीक गाठ मारायची, आणि ती मारता मारता काल दिवसभरात काय केलं, काय खाल्लं ते सांगायचं. मग चहा. मामी स्वतः धागा घेत नाहीत, मालूलाही देत नाहीत. तिचं तोंड एवढंसं होतं. होईना का, मी भाची आहे, लाडाची! पहिल्या दिवशी गाठ बसेना, सगळे टक लावून बघत होते. आता यांच्याआधी माझी गाठ होते.

ता. ९ जानेवारी १९३८

दुपारची मामांपाशी बसते. हातांच्या नुसत्या काड्या झाल्यात. अंगठ्यामागचं मांस खळग्यासारखं आत गेलंय. तोंडात गूळ धरून बोलल्यासारखं बोलतात. मला ‘गुणा’ म्हणतात; ते माझ्या आईचं नाव. शेजारी मयत झालं तर मामा पोट धरून हसले. बरं वाटतंय का विचारलं, तर म्हणाले, मला काय धाड भरलीया?

मामी म्हणाल्या, लकवा म्हणायचं लोकांना सांगायला. कुणाचा आधी हात जातो, कुणाचं आधी मन जातं. हात जाताना दिसतो तरी, मन जाताना ज्याचं त्याला कळतच न्हाय. म्हणून तर रोज धागा. एवढं बोलल्या आणि जीभ चावली.



ता. ३ मार्च

आज भाकरी करपली. मी मालूला बोलले. ती भडकली. करपवली तुम्हीच आणि बोलता मला, म्हणाली. मग ओकून टाकलं सगळं. तिला धागा देत नाहीत कारण ती बाहेरची. तिच्या रक्तात ते दुखणं न्हाय. मामांच्या वडलांना होतं, चुलत्यांना होतं. आणि माझ्या आईलाही. ती बाळंतपणात गेलीच नव्हती. इथल्याच मागच्या खोलीत तीन वर्षं होती.

मी मामींपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी नाकारलं नाही. ट्रंकेतून आईचं हिरवं लुगडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. या घरात जवळपासचं कुणी मुलगी देत नाही, म्हणून मालूला इतक्या लांबून आणली. मग मला का दिली? मामी म्हणाल्या, तुझे आप्पा माझ्या पाया पडले. आईला सांभाळलंत तसं हिलाबी सांभाळा म्हणाले.

आप्पांना असं एकदम काय झालं? ते आता थकलेत, त्यांना काही सुचत नसेल.

माझा विचार मनात आला, नाही असं नाही. पण मी रोज गाठ मारते. आज एकेचाळीसपैकी चाळीस नावं आली. मला धास्ती आहे ती यांची. माझ्या नवऱ्याला मी त्या खोलीत जाऊ देणार नाही. जीव गेला तरी नाही.

ता. १८ जून

लक्ष ठेवून आहे. यांचं काहीतरी बिनसलंय. एकच गोष्ट दोनदा सांगितलीस, असं मला म्हणतात. त्यांनाच आठवत नसणार. गुळाचा डबा रिकामा सापडला. मी लाडानं विचारलं, चोरून खाता ना? तर माझ्या बोटांकडे बघत राहिले. बोटं चिकट होती खरी, डबा मीच पुसत होते ना.

दंडात कातडीखाली मुंग्या पळतात. उन्हाळा बाधला. तीन कप फुटले, हल्लीच्या कपांचे कान फार बारीक असतात.

ता. २१ ऑगस्ट

मामा गेले. घास घशात अडकला आणि संपलं.

मयताच्या वेळी यांचं वागणं बघून मला भीती वाटली. सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर हात ठेवला! मी फक्त हसत होते. मामांची टोपी कलली होती, ती बघून कुणालाही हसू आलं असतं. रात्रभर हे माझा अंगठा चोळत बसले आणि रडत होते. बापाच्या मरणानं डोक्यावर परिणाम झाला असेल का?

ता. १४ सप्टेंबर

यांना घेऊन मिरजेला जाऊन आलो. डॉक्टर अगदीच विसरभोळा. आजारी कोण हे समजून न घेता मलाच बोट दाबायला सांगितलं, जीभ काढायला लावली, गुडघ्यावर हातोडी मारली. मी चांगलं सुनावलं. हे मान खाली घालून बसले होते. औषध न्हाय म्हणाला म्हणे. परतीच्या गाडीत यांनी माझा हात सोडला नाही. मी सांगितलं, घाबरू नका, मी आहे. धीर देणारं घरात दुसरं आहे कोण?

ता. ६ नोव्हेंबर

पेन्सिलीनं लिहितेय. टाक फार जड.

आज ते — मागावर इकडून तिकडे पळतं ते, लाकडाचं — त्याचं नाव यांना विचारलं. मुद्दाम, परीक्षा म्हणून. धोटा म्हणाले. मला माहीतच होतं. तरी इतक्या हळू का सांगितलं? लहान पोराला सांगतात तसं?

नावं एकोणतीस आली. बाकीच्या गैरहजर असतील.

माझ्या धाग्याला उशीर लागतो. मामी मला जाड धागा देतात आता. का? भावजी माझ्याकडे बघत नाहीत. सगळे यांच्यापासून लपवतात आणि मला —

ता. २ जानेवारी १९३९

आज ठरवलं. यांना मिरजेला न्यायचं. डॉक्टरला एकदा दाखवलेलं बरं. यांना सांगितलं तर म्हणाले, जाऊन आलो की गं. झालं! आठवणही गेली. उभ्या जागी पाय लटपटले माझे — जिन्यावर. पडले. जिन्याला तेल सांडलं असणार.

मामी ही वही मागत होत्या. दिली नाही.

ता. १९

गाठ मारली. चांगली मारली, मी पाहिली. तरी मामी दोन टोकं माझ्यापुढे धरून उभ्या — एक या हातात, एक त्या हातात. काल काय खाल्लंस विचारलं. गूळ म्हणाले. आणि? गूळ. मामी रडल्या.

आधी वाटलं — एक क्षण — वही मागं उलटली. करपलेली भाकरी. कप. बोटं चिकट. हे कुणाचं — हे सगळं कुणाचं लिहिलंय? माझंच अक्षर. मग मी —

नाही. ज्याला होतं त्याला कळत नाही. मला कळतंय. म्हणजे मला नाही.

फेब्रुवारी

आज मला धागा दिला नाही! यांना दिला. भावजींना दिला. लड खुंटीला गेली. मी म्हटलं, माझा? मालूनं मला चहा पाजला, बशीतून.

मग कळलं. मालूला देत नाहीत, तशी मी. रक्तात काही नाही! सुटले बाई! हसू आवरेना. हे भिंतीला तोंड करून — बिचारे. कळतंय त्यांना.

मागची खोली सारवलीय. आईचं लुगडं अंथरलंय. यांच्यासाठी. मीच आधी येऊन बसले, त्यांना एकटं वाटू नये म्हणून. त्यांनी उचलून आणलं — मला. इथं गूळ आहे.

येतील आता हे. तोवर हजेरी घेते.

गंगू — हजर. सोना — हजर. गंगू — हजर. गंगू —

जया —

जया —