वर्नाबाईची तीन मिनिटं

प्रिय केलिन,

आधी खाली बस. बसलीस? अगं, आपण जिंकलो! चार विरुद्ध तीन! मास्तरांनी कमरेला पिस्तूल लावून शिकवायचा तो ठराव काल शाळा-मंडळाने पाडला, आणि तुझी ही पाचवीत शाळा सुटलेली आजी त्या सभेत बोलली. माइकवर! घाईघाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

दुसरीच्या पोरांसमोर पिस्तूल लावून उभी राहणार नाही, म्हणून तू जूनमध्ये नोकरी सोडायची ठरवून आईकडे ॲरिझोनाला गेलीस, तेव्हा मी तुला अडवलं नाही. ठरावाच्या बाजूचे तरी कुठे वेडे होते? शेरीफची गाडी यायला इथे चाळीस मिनिटं लागतात. तोवर माझ्या लेकराने काय करायचं, असं विचारणाऱ्या आईला मी काय सांगणार? आणि बंदुकीचं मला भय नाही, दर नोव्हेंबरला माझं हरीण मीच मारते. गेल्या हरणाचे सॉसेज जरा खारट झालेत, पण ते असो.

तर काल शाळेच्या व्यायामशाळेत सभा. उकाडा इतका, की पाद्रीबाबांनीसुद्धा टाय सोडला. चिठ्ठीवर नाव द्यायचं, माणशी तीन मिनिटं, लाल दिवा लागला की बसायचं. अध्यक्ष आपला रॉइस टटल, ठरावही त्याचाच. एकतीस वर्षं शाळेत जेवण रांधलं मी, तो पोर असताना त्याच्या ताटातही वाढलंय. घेवडा हळूच टाकून द्यायचा मेला! शेजारची नदीन म्हणाली, "वर्ना, इथे शिकलेली माणसं बोलतायत, तू काय बोलणार?" म्हटलं, "तेच तर. ती दमली की मी उठते."

मी जे सांगितलं ते तुलाही कधी बोलले नव्हते. इस्टरला चर्चमध्ये सगळ्यांचं जेवण होतं. चर्चला संडास एकच. चार वर्षांची मेझी बाहेर आली आणि म्हणाली, "वर्नाआजी, आत कुणीतरी खेळणं विसरलंय." जाऊन बघते तर फ्लशच्या टाकीच्या झाकणावर भरलेलं पिस्तूल! बसताना पट्ट्यातून काढून ठेवलेलं, उठताना राहिलेलं. मी गोळ्या काढल्या, मक्याच्या पावाच्या टोपलीत फडक्याखाली ते ठेवलं आणि ज्याचं होतं त्याला त्याच्या ट्रकपाशी नेऊन दिलं. सभेत म्हटलं, नाव सांगणार नाही. माणूस लाखात एक, वीस वर्षं पिस्तूल बाळगतोय, गावच्या पोरांना शिकार शिकवतो. तो विसरला. मग सव्वीस पोरं सांभाळत दिवसातून चारदा संडासला पळणारी मास्तरीण विसरणार नाही, असं कोण छातीवर हात ठेवून सांगेल?

तेवढ्यात लाल दिवा. मी बसायला वळले. तर रॉइस उभा राहिला, चेहरा पिठासारखा. म्हणाला, "थांबा, वर्नाबाई. तो माणूस मी." अगं, सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या! मग म्हणाला, "मेझी माझीच नात. तेव्हापासून मला नीट झोप नाही." आणि त्याने स्वतःच्याच ठरावाविरुद्ध हात वर केला. चौथा हात त्याचा, केलिन! आता त्याऐवजी शाळेत दिवसभर एक पोलीस राहणार आणि प्रत्येक वर्गाला आतून लागणारं कुलूप येणार. नदीनने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला.

आता खरं कारण सांगते, फोन न करता पत्र का लिहिलं त्याचं. जाताना तू मला राजीनाम्याचं पाकीट दिलं होतंस, मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात दे म्हणून. मी दिलं नाही. विसरले, असं खोटं बोलणार नाही. रोज शाळेवरून जायचे आणि रोज ते तसंच घरी आणायचे. रागाव हवं तेवढं, चूक माझी आहे. पाकीट न फोडता यात घातलंय. तुझ्या वर्गाच्या दारावर अजून तुझंच नाव आहे, काल सभा सुटल्यावर हात लावून आले. शाळा सोळा ऑगस्टला उघडते. ठरवायचं तू. पण फाडणार असलीस तर इथे माझ्या ओट्यावर येऊन फाड, मला तो आवाज ऐकायचाय.

तुझीच, सध्या गावभर मिरवणारी,
आजी वर्ना