आवाज थांबला तर

४ जानेवारी

चिमणीचा बुधवार निळ्या बाळाला दिला. ठरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मोठ्या हॉस्पिटलानं आमच्या संस्थेला आठवड्यातला बुधवार दिलाय. ऑपरेशनचं टेबल, सर्जन, सगळं त्यांचं. एका बुधवारी एक मूल. कोणतं, ते मी ठरवायचं. लोकांच्या दारात जाऊन मुलांसाठी हात पसरायची मला कधी लाज वाटली नाही, पण बुधवार वाटायला बसले की रात्र सरते, तरी ठरत नाही. आज लगेच ठरलं, कारण सगळं सरळ दिसत होतं. बाळ अजून पाळण्यातलं, रडलं की ओठ जांभळे पडतात. चिमणी तीन वर्षांची. तिच्या हृदयाच्या पडद्याला मोठं भोक आहे, पण कालच तिच्या आईचा फोन आला होता — “डॉक्टरबाई, पोर हल्ली दमतच नाही. जिना चढते. अंगही धरलंय.” मग काय! म्हटलं, ही थांबू शकते.

आईला तर हायसं वाटलं. “आधी त्या बाळाचं होऊ द्या,” म्हणाली.

८ जानेवारी

निळं बाळ गुलाबी झालं. सर्जन म्हणाला, “मॅडम, आज तरी निवांत झोपा.” झोपले.

१७ जानेवारी

अक्षर कसंही येतंय. येऊ दे.

चिमणी तपासणीला आली. तिची आई घरी शिवणकाम करते. माझ्या स्टेथोस्कोपसाठी आतून अस्तर लावलेली पिशवी शिवून आणली होती. चिमणी टेबलावर चढून बसली, पाय हलवत. आई खुशीत. म्हणाली, “एक गंमत सांगू? तो आवाजच बंद झालाय.”

मी सगळ्या आयांना शिकवते — रोज सकाळी मुलाच्या छातीला कान लावायचा. भोकातून रक्त जोरानं घुसतं त्याचा आवाज कानाला कळतो. प्रत्येकीचा आवाज वेगळा. एक म्हणते नळ गळतोय, एक म्हणते मांजर गुरगुरतंय. हिचं म्हणणं, शेजारच्या खोलीत शिवणयंत्र चालू आहे. आवाज वाढला तर मला फोन करायचा, असं मी सांगते. गेली कित्येक वर्षं हेच सांगते.

स्टेथोस्कोप लावला. शिवणयंत्र बंद. नुसते ठोके, आणि त्यातला दुसरा ठोका दार आपटावं तसा.

क्षणभर वाटलं, भोक आपोआप बुजलं असेल. बुजतं कधीकधी. तिला आडवी करून सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदय पाहिलं. भोक जिथल्या तिथं. तेवढंच. रक्त मात्र त्यातून जात नव्हतं, नुसतं इकडून तिकडे घुटमळत होतं.

आवाज थांबला, कारण फुप्फुसांतल्या रक्ताच्या नळ्या घट्ट होत चालल्यात. तिकडचा दाब इतका वाढलाय की रक्ताला घुसायला वावच नाही. म्हणून पोर दमत नाही. म्हणून अंग धरलंय. मी ज्याला बरं होणं समजले ते हे होतं! आणि नळ्या एकदा कायमच्या घट्ट झाल्या, की भोक बुजवलं तर मूल टेबलावरच जातं. मग कुणीच हात लावत नाही. मूल हळूहळू निळं पडत जातं.

“वाढला तर फोन करा.” थांबला तर काय, हे मी कधी कुणाला सांगितलंच नाही.

आई विचारत होती, “बरं आहे ना?” मी म्हटलं, “एक तपासणी करून घेऊ.” चिमणी पिशवीच्या नाडीशी खेळत होती.

२० जानेवारी

मांडीतून बारीक नळी घालून हृदयातला दाब मोजला. जास्त आहे. फार जास्त. मला वाटत होतं त्याहूनही.

२१ जानेवारी

सर्जन एके काळी माझा विद्यार्थी होता, त्यामुळे माझ्याशी वाईट बोलताना तो आधी चष्मा पुसतो. आज बराच वेळ पुसत होता.

“मॅडम, आत्ता मी हात लावणार नाही.”

“त्या बुधवारी लावला असतास?”

“ते विचारू नका.”

म्हणजे लावला असता.

त्याचं म्हणणं — नळ्या सैल करणारं औषध सुरू करू. तीन महिने देऊ. अजून त्या लवचिक असतील तर दाब उतरेल, रक्त पुन्हा जोरानं जायला लागेल, तो आवाजही परत येईल. मग बुजवू भोक. “आणि नाही आला तर?” या माझ्या प्रश्नावर त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि जिना उतरून गेला.

चिमणीच्या आईला म्हटलं, फुप्फुसांवर ताण आहे, औषध द्यावं लागेल, ऑपरेशन लगेच नाही.

तिचा चेहरा उजळला. “म्हणजे टळलं म्हणायचं!”

मी “बघू” म्हणाले. बघू! इतकी वर्षं लोकांना वाईट बातम्या देतेय, आणि हिला एवढंच म्हणाले.

२५ जानेवारी

आपापल्या बुधवारची वाट बघणाऱ्या सगळ्या आयांना आज फोन केले. आवाज कमी झाला, थांबला, तरी लगेच कळवा. एकजण वैतागली. “आधी म्हणालात वाढला तर, आता म्हणता थांबला तर. आम्ही झोपायचं तरी कधी?” बरोबर आहे तिचं. दुसरीनं हळूच विचारलं, “कुणाचं झालं का असं?” मी सांगितलं, हो.

सगळ्यांना सांगितलं. चिमणीच्या आईला तेवढं नाही.

२ फेब्रुवारी

नवरा म्हणतो, “माझ्या घोरण्यानं शेजारी उठतात हे मला तोंडावर सांगतेस. तिला सांगायला काय झालं?”

काय झालं ते मला माहीत आहे. ती विचारेल, मग आमचा बुधवार का दिलात. आणि मी निळ्या बाळाकडे बोट दाखवीन. ते गुटगुटीत झालंय, परवा मला बघून हसलं. त्याच्याकडे बोट दाखवायची वेळ आली तर मी काय माणूस राहीन? पण तेही कारण नाही खरं तर. मला भीती वाटते. तिची नाही, ती आरडाओरडा करणाऱ्यांतली नाही. तिच्या गप्प बसण्याची भीती वाटते.

१९ फेब्रुवारी

आज बुधवार. एका मुलीचं नीट झालं. सगळे माझे आभार मानत होते. मी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन उगाच हात धुत राहिले.

१४ मार्च

चिमणी आली. औषध नियमित घेते. कान देऊन, श्वास धरून ऐकलं. काही नाही. तीच शांतता.

मी इतका वेळ ऐकतेय म्हणून तीही गंभीर झाली. मग म्हणाली, “आत कोणी नाहीये.” आई हसली. मी हसले असं दाखवलं.

सांगायचं ठरवून गेले होते. आई म्हणाली, “डॉक्टरबाई, आता शाळेत घालू का हो हिला?” घाल म्हटलं.

२९ मार्च

रस्त्यात शिंप्याच्या दुकानावरून जाताना यंत्राचा आवाज आला आणि मी मध्येच थांबले. मागचा सायकलवाला ओरडून गेला. त्याचं काही चुकलं नाही.

आता कुठलंही मूल तपासताना आधी आवाज आहे ना, हे बघते. असला की जीव भांड्यात पडतो. रोग ऐकून हायसं वाटणारी डॉक्टर झालेय मी.

९ एप्रिल

पुन्हा तपासलं. एकदा वाटलं, काहीतरी सरसरलं. स्टेथोस्कोप सरकवून पाहिला, दुसऱ्या बाजूनं पाहिला. नाही. तिच्या झग्याचं कापड असेल. माझा कान आता मला हवं ते ऐकायला लागलाय, त्याच्यावर भरवसा नाही.

ओठ मात्र नीट निरखून पाहिले. खिडकीशी नेऊन पाहिले. अजून निळे नाहीत. की आहेत?

सर्जनला फोन केला. “महिनाअखेर पुन्हा दाब मोजू,” म्हणाला. “तोवर मॅडम, तुम्ही जेवत जा.”

१७ एप्रिल

शिवलेली पिशवी अजून टेबलावर पडून आहे. स्टेथोस्कोप तिच्यात ठेवायला हात धजत नाही. दाब मोजायच्या आधी आईला सगळं सांगायचंच. सोमवारी सांगते.

२१ एप्रिल

नाही सांगितलं.

२६ एप्रिल

सकाळी चिमणीच्या आईचा फोन. आधी नुसतं रडणं. मग म्हणाली, “रागावू नका डॉक्टरबाई. औषध एकदाही चुकवलं नाही हो. पण परवापासून ते यंत्र पुन्हा सुरू झालंय. आज तर कान लावायच्या आधीच, नुसता हात ठेवला तरी लागतंय. इतकी चांगली बरी झाली होती. माझं काय चुकलं?”



“तुझं नाही गं,” म्हटलं. “माझं चुकलं होतं. सगळं सांगते. तू आधी तिला घेऊन ये.”