तानीआत्याचं भाषांतर आणि दिल्लीची मुलाखत

झाई

तीर्थस्वरूप नवीनमामांस,
हेमांगीचा नमस्कार. मसोलीत सगळे बरे असतील, तुमचा गुडघाही. (मामीने सांगितलेलं तेल लावत नाही असं कळलं. लावा.)

परराष्ट्र सेवेच्या मुलाखतीचं काय झालं, असं तुम्ही विचारलंत. त्यासाठी आधी तानीआत्याचं भांडण सांगावं लागेल.

दिल्लीला जायच्या आठवडाभर आधी आत्या आणि गुजरातच्या हद्दीतली चंद्राबेन यांच्यात बोंबील वाळत घालायच्या जागेवरून जुंपली. सराव होईल म्हणून मी मध्ये पडले. आत्या मराठीत म्हणाली, "हिला सांग, माझ्या जागेत परत दिसली तर हिचे बोंबील समुद्रात फेकीन." मी गुजरातीत सांगितलं, की तानीआत्याला तुमच्या मालाची फार काळजी वाटते. (दोन देशांमध्ये असंच बोलतात, असं क्लासच्या नोट्समध्ये आहे.) चंद्राबेनने शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "तानी, ही पोरगी तुझ्या बोलण्याची पार वाट लावते गं."

"मला काय गुजराती कळत नाही?" आत्या माझ्यावर ओरडली. "काळजी? मला? हिची?"

इथे सगळ्यांना दोन्ही भाषा येतात, हे जन्मापासून इथे राहून मी विसरले होते. मग दोघींनी मिळून मला अर्धा तास झापलं. सरकार खोटं बोलायचा पगार देणार का, असंही विचारलं. तेवढ्यात दोघींचा राग उतरला, चहा झाला आणि जागा अर्धी अर्धी वाटून घेतली. मला चहा मिळाला नाही.

दिल्लीत पाच जण समोर होते. एका बाईंनी विचारलं, तुम्ही कधी कुणाचा तंटा मिटवलाय का? मोठं उत्तर पाठ केलं होतं, ते आठवेना. मी हेच सांगितलं, चहासकट. कोणी हसलं नाही. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. बाहेर येऊन मी जिन्यात बसून रडले.

आईची तब्येत ठीक आहे. मामीला नमस्कार.

आपली,
हेमांगी

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, तेवढ्यात निकाल लागला. माझी निवड झाली, परराष्ट्र सेवाच मिळाली. आईला वाटतंय, मी तलासरीच्या तहसील कार्यालयात बसणार. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच, त्यामुळे माझी जीभ रेटत नाही. तुम्ही रविवारी या आणि तिला सांगा.

ता. क. २. येऊ नका. पाकिटावर पत्ता घालेपर्यंत आईने पत्र वाचलं.  मग पदर खोचून शेजारच्या बारकीकाकीकडे गेली आणि पोरगी फॉरेनला चालली म्हणून सांगून आली. कुठल्या देशात, असं काकीने विचारलं. आई म्हणाली, "ते अजून ठरायचंय. सरकार मला विचारून ठरवणार आहे."