पॅसेजची भिंत

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

आई तुझ्याकडे रमली असेल असं धरून इथे तिच्या घरात तोडफोड सुरू केली. ओटा फुटला, जुनी वायरिंग निघाली, दारं चौकटींसकट गॅलरीत उभी आहेत. मिस्त्री म्हणतो, नवं काही करायचं तर आधी घर सोलून काढायला हवं. माझ्या केसांत इतकं प्लास्टर बसलंय की बायको मला आजोबा म्हणते.

आपल्या मातोश्रींचे उद्योग ऐक. पॅसेजच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर खिळे ठोकून सुतळी ताणलेली, तिला गाठी. बाथरूमपाशी एक, स्वयंपाकघरापाशी दोन. इतक्या खाली काय वाळत घालते, देव जाणे! दिव्याच्या बटणांवर मेणाचे थेंब, मिठाच्या बरणीला शर्टाचं बटण बांधलेलं. मिस्त्री पोट धरून हसला. सगळं पोत्यात भरून टाकलं. उद्या ती भिंतच जाईल, मग तिला ऐसपैस हॉल. तिला बोलू नकोस, गंमत राहू दे.

आहे तो लोभ टिकव, वाढवलास तरी चालेल.
तुझा धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं, म्हणजे भिंत एव्हाना गेली असणार. आई आल्यापासून खोलीतच बसून असते. मला वाटलं, रुसली आहे. दोनदा दारावर आपटली, चहाचा कप टेबलाबाहेर ठेवला. मी तिला धांदरट म्हणून ओरडलेही. मग तुझी सुतळी वाचली.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. दोन्ही डोळे गेलेत, नुसता उजेड-अंधार कळतो, आणि हे दोनेक वर्षांपासून असावं म्हणाले. आता उपाय नाही. दोन वर्षं आपण तिच्या हातचं जेवून ढेकर देत घरी येत होतो, धाकट्या. सांगितलं का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही मला एकटी राहू दिलं असतं का. रोज एकच धोशा लावलाय, मला माझ्या घरी सोड, तिथे मला सगळं दिसतं.

भिंतीचं तिला मी सांगितलेलं नाही. धीर होत नाही.
तुझी ताई

१३ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

भिंत चार तारखेलाच पडली. मिस्त्रीला म्हटलं, होती तशी बांधून दे. तो म्हणाला, भिंत बांधतो, पण दारं कुठे होती ते तुम्ही दाखवा. मी जमिनीवर खडूने रेघा मारल्या, पुसल्या, परत मारल्या. त्या घरात लहानाचा मोठा झालो आणि मला बाथरूमचं दार किती पावलांवर होतं ते सांगता येत नाही. खाली बसून रडलो. काय करू, ते तूच सांग.
तुझा धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

काल दुपारी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडेल. तिने ओटाही गेला का, एवढंच विचारलं. नंतर हात पुढे केला आणि म्हणाली, मला जरा बाथरूमपर्यंत ने. आजवर तिने एकदाही हात धरू दिला नव्हता.

तुला निरोप आहे. घर तुझ्या मनासारखं कर म्हणाली, तिच्यासाठी अडू नकोस.

तुझ्यावर माझा राग नाही. ओरडले तर मीही होते.
तुझी ताई