तेल पाजलेली रायफल

खंडेनवमी, संध्याकाळ. सिल्वासा

इतकी वर्षं मेंटेनन्समध्ये काढून आज नवख्या हेल्परसारखा वागलो. सकाळी कंपनीत मशिनी पुसल्या, तेल दिलं, झेंडू वाहिला. घरी येऊन नव्या एअर रायफलीलाही तेच केलं. जुन्या काळच्या लिव्हरवाल्या रायफलीची ती हुबेहूब नक्कल, लहानपणापासून हवी होती. नळीत तेल सोडलं, तेही सढळ हाताने. कशाला?

दुपारी बायकोला घेऊन जवळच्या रांधा गावी मित्राच्या शेतात मातीच्या बांधापुढे डबा ठेवला. लिव्हर ओढली, चाप दाबला. फाडकन आवाज, नळीतून धूर आणि छर्रा डब्याच्या हातभर वर. दाबल्या हवेने नळीतलं तेल पेटलं होतं. आतलं वॉशर जळालं असंच वाटलं.

बायको वर्षभर या खरेदीला नाही म्हणत होती. तीच म्हणाली, "जळू द्या ना तेल. नव्या तव्याचं नाही का जाळत आपण?"

मारत राहिलो. धूर कमी कमी होत थांबला. वॉशर शाबूत आहे बहुतेक. डबा मात्र उभाच.

"द्या इकडे."

लिव्हर ओढून दिली. तिच्या दुसऱ्याच छर्र्याला डबा आडवा.

येताना विचारलं, उद्या दसऱ्याला काय आणू? म्हणाली, "आपट्याची पानं. आणि छर्रे."