स्नेहलच्या मागची गाडी

मंगळवार, २२ जुलै
सकाळी पुरवणीच्या प्राजक्ताचा फोन. "ताई, स्त्रीवादाची आता गरज उरली आहे का? सातशे शब्द, पुढच्या बुधवारपर्यंत. समतोल हवा हं, भांडखोर नको." हो म्हटलं. असे विषय इतकी वर्षं लिहिलेत की हात आपोआप चालतो. दुपारी पहिला परिच्छेद झालाही: मुली शिकल्या, सुना कामाला जातात, सासवा त्यांचे डबे भरतात. उदाहरण घरचंच. सुनेला, स्नेहलला, विचारून तिचं नाव घालावं म्हणून थांबले.

संध्याकाळी ती कामावरून आली ती थेट माझ्या खोलीत. खांद्यावरची बॅगही काढली नाही. "मम्मी, कोणीतरी माझ्या मागे येतंय."

बुधवार, २३
काल पुढे लिहवलं नाही. ती म्हणाली ते असं. शहराबाहेरच्या इच्छापोरहून कंपनीची बस तिला उधन्याला सोडते, तिथून शेअर रिक्षाने डिंडोली. बऱ्याच दिवसांपासून रिक्षामागे एक काळी मोटरसायकल. हेल्मेट, तोंडाला रुमाल. बोलत नाही, जवळ येत नाही. ती मुद्दाम भाजी घ्यायला उतरली, तर तोही थांबला. आपल्या गल्लीच्या तोंडाशी येतो आणि वळतो. म्हणजे घर माहीत आहे.

"मयूरला सांग."
"नको. तो पप्पांना सांगेल. पप्पा म्हणतील, राहू दे ती नोकरी."

म्हणतीलच. हे मनाने वाईट नाहीत. ती तापाने पडली होती तेव्हा उठून स्वतः चहा करून देत होते. पण म्हणतील. आणि मयूर तिचा नवरा असला, तरी माझा हा पोरगा बापापुढे बोलणार नाही. क्वालिटी चेकिंगची ही जागा तिला दोन मुलाखती देऊन मिळाली आहे. पोलिसांचं नाव काढलं तर म्हणाली, "चौकशीला घरीच येतील ना?"

गप्प राहायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी हो म्हटलं. उद्या काही झालं तर हे आधी माहीत होतं ते फक्त मलाच.

शुक्रवार, २५
साडीच्या फॉलचं निमित्त करून उधन्याला गेले. तिच्याबरोबर परत आले. रिक्षाच्या आरशात तो दिसला. मध्ये दोन गाड्या सोडून, घाई नसल्यासारखा. सीट फाटलेली, तिच्यावर पिवळी चिकटपट्टी. रिक्षावाल्यानेही पाहिलं होतं. म्हणाला, "बेन, पीछेवाला आपका आदमी है क्या?"
स्नेहलने माझा हात धरला.

सोमवार, २८
बस उधन्याला पोचली की ती मिस्ड कॉल देते. आज आला नाही. मी केला तर फोन बंद. यांच्यासमोर डाळ निवडत बसले. निवडलेलीच पुन्हा निवडली. हे खिडकीशी. "आज उशीर झाला का हिला?" मी म्हटलं, "बस लेट असेल." आवाज सरळ निघाला याचं मलाच नवल.
आली. चार्जिंग संपलं होतं, एवढंच. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

बुधवार, ३०
लेख वेळेत पाठवला. घरचं उदाहरण काढून टाकलं. कायदे आले, संधी आल्या, आता संवाद हवा, वगैरे. प्राजक्ताचं उत्तर: "मस्त समतोल!"

रविवार, ३ ऑगस्ट. कानबाई
श्रावणातली आमची देवी बसली म्हणून सगळे भाऊबंद आमच्याकडे. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घेतात, ते मोठ्या जाऊबाईंनी परवाच मोजून दळून आणले. तेव्हा स्नेहल म्हणाली होती, "देवी बाई, मग मोजणी पुरुषांची का?" जाऊबाई म्हणाल्या, "तू कमाडी राहिनी ना, मंग तुना नावना गहू दुकानमाईन लई ये!" कमावतेस तर तुझ्या नावाचे गहू दुकानातून आण, म्हणे. खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी ती हसली.

आज लेख छापून आला. यांनी पुरवणी सगळ्यांत फिरवली. "आमच्या मॅडमनी लिहिलंय बायकांवर." मोठ्या अभिमानाने.

रोट वाढायच्या वेळी स्नेहल स्वयंपाकघरात आली. चेहरा पांढरा. "मम्मी, खाली ती गाडी उभी आहे. पिवळ्या पट्टीची."
"कोणाची?"
"प्रवीणभाऊंची. आत्ता तिच्यावरून तेच उतरले."

प्रवीण माझ्या चुलत दिरांचा मुलगा. उधन्यात त्याचं एम्ब्रॉयडरीचं काम आहे, दोन मुलांचा बाप. रोट घरचीच माणसं खातात, म्हणून पहिल्या पंगतीत बसला होता. स्नेहल बाहेर जाईना. मी वाढलं. त्याने मान वर करून म्हटलं, "काकू, अजून एक घाला ना."

सोमवार, ४
कानबाईच्या विसर्जनाहून येताना प्रवीणला बाजूला घेतलं. वाटलं होतं नाही म्हणेल, चिडेल. तो हसला.
"काकांनीच सांगितलं होतं, काकू. सून कुठे जाते, कोणाशी बोलते, जरा बघत जा. मी लांबूनच असायचो. पेट्रोलसुद्धा माझंच!" मग हळूच, "वहिनींना कळलं नाही ना?"
त्याला शाबासकी हवी होती.

घरी आल्यावर यांना विचारलं. आवाज चढवला नाही. चढवता आलाही नाही.
"जमाना खराब आहे. आपलाच माणूस मागे असलेला बरा. यात वाईट काय केलं?"
"ती घाबरून अर्धी झालीय."
हे चप्पल काढत होते. वर न बघता म्हणाले, "घाबरलेली बरी. सरळ घरी येते."
आणि पाणी मागितलं. मी दिलं.

मंगळवार, ५
अनोळखी माणूस होता तेव्हा मनात निदान एक जागा सुरक्षित होती, हे घर. आता रात्री यांचा श्वास ऐकू येतो आणि झोप लागत नाही. माझ्याही मागे कधी कोणी होतं का? बातमीसाठी मी एकटी उधना, पांडेसरा फिरायचे. यांनी कधी अडवलं नाही, असं सगळ्यांना सांगत आले आहे.

प्राजक्ताला फोन केला, त्याच विषयावर दुसरा लेख देते म्हणून. "ताई, तो तर झाला ना छापून. आता सणांचं काहीतरी द्या." वाद घातला नाही.

स्नेहलला सांगितलं. सांगू नये असं सारखं वाटत होतं, तरी. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. "म्हणजे आज नसेल तो मागे?"
"नसेल."
"किंवा दुसरा कोणी असेल. मला माहीत नसलेल्या गाडीवर."
मग तिने विचारलं, "मयूरला माहीत होतं?"
"मी विचारलं नाही."
"तुम्हीच विचारा, मम्मी. मी विचारलं आणि तो हो म्हणाला, तर मी कुठे जाऊ?"

बुधवार, ६
ती डबा घेऊन कामाला गेली. परतताना उधना ते डिंडोली, तोच रस्ता.

मयूरला आज सुट्टी. दुपारी हे झोपल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन बसले. आमदारांना, मिलमालकांना तोंडावर प्रश्न विचारलेत. आज आपल्या पोराला विचारताना शब्द मनात दोनदा जुळवले. नाही म्हणाला, तर विश्वास ठेवीन का? हो म्हणाला, तर संध्याकाळी तिला काय तोंड दाखवू?
"प्रवीण स्नेहलच्या मागे जायचा. तुला माहीत होतं?"
तो उठला, हे झोपले होते त्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं आणि परत येऊन माझ्यासमोर बसला. नाही एवढंच म्हणायचं असतं तर दार ओढलं नसतं.