नववीच्या खोक्यातली चिठ्ठी

आदरणीय ताई,

मनापासून नमस्कार. तुझा रक्तदाब, भाऊजींचा गुडघा आणि तुमच्या वरच्या मजल्यावरची पाय आपटत चालणारी मंडळी, हे सगळे ताळ्यावर असतील अशी आशा करतो. आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे पत्र वाचताना तुझ्या जिवाची घालमेल व्हायची नाही: मी ठणठणीत आहे. डॉक्टरांनी तसं लेखी दिलंय आणि तो कागद मी दिवसातून दोनदा वाचतो. आता नीट बस, कारण हे कळायच्या आधीचे तीन महिने मी काय केलं ते ऐकलंस, तर तू मला फोडून काढशील.

तुला माहीत आहे, नववीला आठवड्यातून एक तास जीवनशिक्षणाचा हवा म्हणून मी दोन वर्षं भांडलो. शरीर, मन, मैत्री, राग, व्यसन, नाही म्हणणं आणि दुसऱ्याचं नाही ऐकून घेणं, हे शाळेने शिकवायचं नाही तर कोणी? ज्या पोराला आपण त्याच्याच शरीराची नावं सांगत नाही, त्याला आपण अफवांच्या हवाली करतो, हे मी पालकसभेत पाऊण तास मांडलं. (तुझी भावजय म्हणते सव्वा तास.) एक वडील म्हणाले, या गोष्टी मुलांना आपोआप कळतात. मी म्हटलं, मग भागाकार तरी कशाला शिकवता, घरात चार भावंडं असली की तोही आपोआप येईल. टाळ्या पडल्या. तास मंजूर झाला. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई दर बुधवारी येणार, मुलांचे प्रश्न घेणार, मी सोबत बसणार असं ठरलं.

प्रश्नांसाठी बुटांचं रिकामं खोकं आणलं, झाकणाला फट पाडली आणि नियम मी केले. प्रत्येकाने चिठ्ठी लिहायचीच; प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ असं लिहायचं, म्हणजे कोणाचं पेन चाललंय यावरून कोणी ओळखायला नको. नाव घालायचं नाही. आणि आलेली प्रत्येक चिठ्ठी वर्गासमोर वाचलीच पाहिजे. मुख्याध्यापिकांना चिठ्ठ्या आधी चाळून बघायच्या होत्या. मी गरजलो की चाळणी म्हणजे भीती आणि भीती म्हणजे शिक्षणाचा पराभव. बाईंनी हात टेकले. (ताई, माणसाने गरजण्यापूर्वी क्षणभर विचार करावा, हे मला या वयात कळलं.)

पहिल्या बुधवारी मुलं कोऱ्या चिठ्ठ्यांकडे नुसती बघत बसली. म्हटलं, आपणच सुरुवात करावी. मीही एक चिठ्ठी ओढली. खरं तर घामाच्या वासाबद्दल काहीतरी खरडायचं होतं. पण हात चालू लागला आणि त्याने खरं तेच लिहिलं: की पुरुषांना असणाऱ्या आणि जोडीने येणाऱ्या त्या अवयवात गेले तीन महिने वाटाण्याएवढी गाठ लागते आहे, कोणाला सांगितलेलं नाही, भीती वाटते. (फळ्यावर तो शब्द मी वीतभर उंच अक्षरांत लिहितो. मोठ्या बहिणीला लिहिताना मात्र पेन पुढे सरकत नाही. हसू नकोस.) घडी घातली, खोक्यात टाकली, एकदम हलकं वाटलं. मग तिसरा नियम आठवला.

नर्सबाईंनी चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. मुलग्यांनी रडलं तर चालतं का, मैत्रिणीने अबोला धरला तर काय करायचं, आणि मग माझी. बाई शांतपणे म्हणाल्या की अशा गाठी बहुतेक वेळा साध्या असतात, पण बहुतेक म्हणजे नेहमी नव्हे. ज्याने लिहिलंय त्याने याच आठवड्यात दाखवायला हवं. मी मान डोलावली. शिक्षक या नात्याने.

पुढे जे झालं ते माझ्या कर्माची फळं. मुख्याध्यापिकांनी नववीतल्या सगळ्या मुलग्यांच्या वडिलांना बोलावलं. तेवीस बाप सभागृहात, प्रत्येकाचा चेहरा उतरलेला, जो तो मनात आपल्याच पोराला धरून बसलेला. खेळाच्या सरांनी सुचवलं की मुलग्यांना रांगेत उभं करून डॉक्टरांकडून तपासून घेऊ, विषय संपला. मी ताडकन उठलो आणि आयुष्यातलं सर्वात प्रभावी भाषण केलं. मुलाचा विश्वास म्हणजे काय, गुप्तता म्हणजे काय, सन्मान म्हणजे काय! दोन बापांनी डोळे पुसले. रांग रद्द झाली. मी मुलांची अब्रू वाचवली असं सगळ्यांना वाटलं. कोणाची वाचवली ते तुला ठाऊक आहे. आणि एवढं करून मी दवाखान्यात गेलो का? नाही. खिशात जुना केस पेपर होता, पाय फाटकापर्यंत जात आणि परत फिरत.

पुढच्या बुधवारी नर्सबाईंनी वर्गाला सांगितलं की आज त्या अनोळखी मित्राला उत्तरं लिहा. ताई, या पोरांना आपण उनाड म्हणतो! एकाने लिहिलं, माझ्या काकांना असंच झालं होतं, वेळेवर गेले, आता मजेत आहेत. एकाने लिहिलं, तुझ्याबरोबर यायला कोणी नसेल तर मी येतो, आत येणार नाही, बाहेर बाकावर बसून राहीन. शेवटची चिठ्ठी बाईंनी उघडली, मनातल्या मनात वाचली, घडी घातली आणि ‘प्रश्न नाही’ असं लिहिलंय म्हणून सांगितलं. त्याच क्षणी चाळीस मुलं खिडकीबाहेर बघू लागली. खिडकीबाहेर भिंत आहे.

तास संपल्यावर बाईंनी ती चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. तीत लिहिलं होतं: ‘सर, “सदर गाठीबाबत योग्य मार्गदर्शन व्हावे” असं नववीत कोणी लिहीत नाही. तुम्हीच आहात. उद्याच्या उद्या जा. आम्ही घरी कोणाला बोललो नाही, बोलणारही नाही.’

गेलो. सोनोग्राफीच्या खोलीत तिथल्या बाईंनी थंडगार जेल लावलं आणि मी अंधश्रद्धेवर बोलू लागलो, तेव्हा म्हणाल्या, ‘काका, दोन मिनिटं गप्प राहा.’ राहिलो. पाण्याने भरलेली साधी गाठ निघाली. काढायचीसुद्धा गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. बाहेर येऊन बसस्टॉपवर बसलो आणि माझ्याच मार्गाच्या तीन बस सोडल्या. इतकं बरं वाटत होतं की कुठे जायचंच नव्हतं. या बुधवारी नर्सबाईंनी जाहीर केलं की तो मित्र जाऊन आला, सगळं ठीक आहे. पोरांनी बाकं अशी बडवली की शेजारच्या वर्गातून तक्रार आली. मी सगळ्यांना दटावलं. नीट जमलं नाही.

भाऊजींना नमस्कार, मुलांना लाड. गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. हे सगळं तुझ्या भावजयीला तू सांग. चिठ्ठीची गोष्ट तिने शेजारणीकडून ऐकली तेव्हा जेवता जेवता तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, बिचारं पोर, तीन महिने एकटंच घाबरत असेल, घरात कोणाला कळलं कसं नाही? मी समोरच बसलो होतो. पाणी प्यायलो. तुझं ती ऐकते. फोन कर, मी तेव्हा बाहेर फिरायला जाईन.

ता. क. दोन. वरची विनंती रद्द. पाकीट चिकटवताना तिने विचारलं, ताईंना एवढं जाड काय लिहिलंत? सांगण्याऐवजी मी पत्रच हातात दिलं. तिने उभ्याउभ्या वाचलं, खाली बसली, परत पहिल्यापासून वाचलं आणि एवढंच म्हणाली, ‘मी होते ना इथे.’ दोन दिवस ती कामापुरतं बोलते आहे, पण सहा महिन्यांनंतरच्या तारखेला तिने स्वतःच्या ऑफिसात रजा मागितली, आणि बैठकीच्या खोलीतल्या कॅलेंडरवर तपासणीची नोंद केली: लाल शाईत, माझ्या नावासकट, आणि जो शब्द मला तुला लिहवला नाही तो पूर्ण, ठळक. आज सकाळी दूधवाला बराच वेळ उभा राहून वाचत होता. जाताना म्हणाला, ‘सर, काळजी घ्या.’